शिक्का बसलेलं पाकीट

“सकाळचं पाकीट परत हवंय,” काउंटरपलीकडची बाई तिसऱ्यांदा म्हणाली, आणि रिटानेही तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. शिक्का बसलेलं टपाल परत मिळत नाही. शिक्का बसला की ते राणीचं.

कॅनडात, मिसिसागातल्या एका औषधांच्या दुकानात, मागच्या कोपऱ्यात, हा पोस्टाचा काउंटर होता. वसईजवळच्या गिरीजहून आलेली रिटा अकरा वर्षं तिथे उभी होती, आणि या अकरा वर्षांत तिचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. पार्सलमध्ये काय आहे विचारलं की लोक ‘कपडे’ म्हणतात, आणि हलवून पाहिलं की बाटली वाजते. नवरा सिरील चिडवायचा, तू स्वर्गाच्या दारात सेंट पीटरकडेसुद्धा आयडी मागशील. ती म्हणायची, मागेन, त्यात काय.

एवढी सावध बाई, तीही सप्टेंबरमध्ये फसली होती. एक गोडबोल्या माणूस आला, पत्ता चुकलाय म्हणाला, तिने पार्सल परत दिलं. दुसऱ्या दिवशी खरा मालक हजर. पोस्टाच्या वरिष्ठांकडून ताकीद देणारं पत्र आलं. अजून एक पत्र आलं की तिला पोस्टाच्या काउंटरवरून हलवावं लागेल, हे दुकानाचा मालक नंदन याने तिला अगदी नरमाईने सांगितलं होतं. तिला ते जास्तच लागलं. काउंटर गेला तर तिला दुकानात दुसरीकडे उभं करतील, पण ही जागा, हा शिक्का, हे तिचं स्वतःचं होतं. तेव्हापासून तिला प्रत्येक गिऱ्हाईक वरिष्ठांनी परीक्षेला पाठवलेलं वाटायचं. पाठवायचेही ते अशी माणसं, खोटी गिऱ्हाइकं बनवून.

या बाईचं नाव नाहेद. सकाळी अकराला नवऱ्याबरोबर आली होती. नवऱ्याने दोन पाकिटं ठेवली, एक त्याच्या नावाचं, एक तिच्या, दोन्ही ओटावातल्या इजिप्तच्या वकिलातीला. तो डिसेंबर दोन हजार बाराचा. आदल्या वर्षी तिथल्या लोकांनी तीस वर्षं सत्तेवर बसलेल्या हुकूमशहाला खाली खेचलं होतं, आता नवी राज्यघटना लिहून झाली होती, आणि ती हवी की नको यावर देशभर मतदान होतं. परदेशातल्यांनी टपालाने मत पाठवायचं. आठवडाभर अशी पाकिटं येत होती, आणि ती देणारा जो तो कुजबुजत विचारायचा, वाटेत कोणी उघडणार नाही ना? रिटाला ही माणसं आवडायला लागली होती. निदान त्यांना संशय घेता यायचा.

सकाळी बोलत होता तो नवराच. ही मागे उभी राहून बुटांवरचा बर्फ झटकत होती. आता तीन वाजता एकटी आली होती, आणि साडेचारला टपालाची गाडी.

नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक एकतर भांडतं नाहीतर जातं. ही दोन्ही करेना. बाजूला ग्रीटिंग कार्डांपाशी जाऊन उभी राहिली आणि रांगेतल्या माणसांना पुढे जाऊ देऊ लागली. रिटा शिक्के मारता मारता तिच्याकडे बघत राहिली. इतका शांतपणा परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाकडेच असतो. तिने मनात म्हटलं, राहा बाई उभी, मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

रांग संपली तेव्हा बाई पुन्हा पुढे आली. आपण पाठवणारी आहोत, पाकिटावर आपलंच नाव आहे, असं म्हणत तिने हेल्थ कार्ड पुढे केलं. फोटो तिचाच होता. मग परत कशाला हवंय, असं रिटाने जरा तुटकपणेच विचारलं.

नाहेद मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली. सकाळी ती भाजी चिरत होती. नवऱ्याने प्रिंट काढून आणली, इथे सही कर म्हणाला, तिने ओल्या हाताने केली. बाकीचं सगळं त्याने भरलं आणि पाकीट चिकटवलं. जेवताना तिने विचारलं, माझ्या कागदावर कुठली खूण केलीस? तर तो म्हणाला, जे बरोबर तेच.

“माझे वडील दर वेळी मत द्यायला जायचे,” नाहेद म्हणाली. “यादीत त्यांच्या नावापुढे आधीच कोणाचीतरी सही असायची. घरी येऊन चहा प्यायचे. बोलायचे नाहीत.”

रिटाने हेल्थ कार्ड परत दिलं. गोष्ट रचलेली असेल तर झकास रचली होती. पण तो ओला हात रचता येईल, असं तिला वाटेना. आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण इथली नागरिक झाल्यापासून प्रत्येक निवडणुकीत सिरील गाडी पार्क करता करता एक नाव सांगायचा आणि ती आत जाऊन त्यावर फुली मारायची. कधी दुसरं नाव वाचूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिने टपालाची थैली ओढली. दोन्ही पाकिटं वरच सापडली. नवऱ्याचं तिने परत आत ठेवलं. त्याचं मत त्याचं. नाहेदचं पाकीट तिने काउंटरवर ठेवलं.

नाहेदने ते कडेने अलगद फोडलं, आतलं छोटं पाकीट उघडलं, कागद उलगडला. रिटाने मान दुसरीकडे फिरवली, मत गुप्त असतं एवढं तिला कळत होतं. शेवटी तिने न राहवून विचारलं, चुकीचं आहे का?

“नाही. मी हेच करणार होते.”

“मग?”

“मला विचारलं नव्हतं.”

तिने पेन मागितलं. नवऱ्याने केलेल्या खुणेवरून तिने पेन फिरवलं, एकदा, आणि मग जोर देऊन आणखी एकदा. कागद घडी करून रिटाने दिलेल्या नव्या पाकिटात घातला, वर पत्ता लिहिला आणि चिकटपट्टी स्वतःच्या अंगठ्याने दाबली. रिटाने जुनी नोंद रद्द करून शिक्का पुन्हा मारला.

संध्याकाळी हिशेब जुळवताना नंदनला ती रद्द केलेली नोंद दिसली. भला माणूस, त्याने स्वतःच वाट काढली. म्हणाला, “रिटाताई, कारणात मशीन बिघडलं असं टाकतो. कोण बघतंय.”

“मशीन चांगलं आहे. मी काढून दिलं, असंच लिहा.”

“अहो, दुसरं पत्र येईल.”

“येऊ दे. पण माझ्या नावावर तुमच्या मनचं काही लिहू नका.”

दुसरं पत्र जानेवारीत आलं. पोस्टाच्या काउंटरवर सलोनी नावाची तरुण मुलगी आली आणि रिटा पुढच्या दारापाशी, शांपू-टूथपेस्टच्या गल्ल्यावर गेली. दार उघडलं की थेट अंगावर वारा यायचा. पहिले दोन आठवडे ती घरी येऊन स्वयंपाकघरात एकटी रडली. सिरील म्हणाला, तुला काय पडलं होतं त्यांच्या देशाचं?

फेब्रुवारीत एका दुपारी नाहेद आली. शेजारचा गल्ला रिकामा होता, तिथली मुलगी तिला हाताने बोलावत होती, तरी ती रिटाच्या रांगेत चौघांच्या मागे उभी राहिली. हातात फक्त एक टूथब्रश. राज्यघटना मंजूर झाल्याचं रिटाने पेपरात वाचलं होतं. रांग सरकून बाई पुढ्यात आली तेव्हा तिने हलकेच विचारलं, तुझं मत कुठल्या बाजूचं होतं?

“हरलेल्या,” नाहेद म्हणाली.

रिटाने टूथब्रश हातात घेतला. मागे माणसं खोळंबली होती, पण तिला विचारल्यावाचून राहवेना. “मोजलं तरी असेल का गं?”

“त्यांचा काय भरवसा,” नाहेद म्हणाली. “पण दिलं मीच.”