मला 'थांब' सांगणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. मला काटे नाहीत की टिकटिक नाही. दवाखान्याच्या औषध-खिडकीतल्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये मी राहतो.

माझ्या जन्माआधी पडद्यावरच्या रुग्णांच्या यादीवरून माऊसचा बाण नुसता फिरला, तरी प्रत्येकाच्या औषधांचं कार्ड फटाफट उघडायचं. खिडकीवरच्या मावशी वैतागल्या. "अगं, किती नाचतं हे डोळ्यांसमोर! जरा दम धरायला शिकव याला."

प्रोग्रामरताई हसल्या आणि त्यांनी मला घडवलं. बाण एखाद्या नावावर टेकला की मी अर्धा सेकंद मोजायचो, मगच कार्ड उघडायचं. बाण सरकला की मुकाट्याने मोजणं सोडून द्यायचो. माझं कौतुक कुणी केलं नाही, कारण मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पण मावशींची कुरकुर थांबली, तेवढं मला पुरे होतं.

पुढे नवा प्रोग्रामर आला. हुशार, पण भारी घाईचा. त्याने पडदा नव्याने सजवला आणि त्या गडबडीत, बाण सरकल्यावर मला 'थांब' सांगणारी ओळच गाळली.

तेव्हा एकाच घरातले आजोबा आणि नात दवाखान्यात दाखल होते. यादीत त्यांची नावं एकाखाली एक. नातीचं औषध काढायला मावशींनी बाण तिच्याकडे नेला, तेव्हा तो आजोबांवरून गेला आणि मी मोजायला लागलो. बाण नातीवर पोहोचला, तरी मला कुणी थांबवेना, म्हणून मी आजोबांचंच मोजणं पुरं केलं. मी आजोबांचं कार्ड उघडलं! खिडकीशी गर्दी होती. मावशींनी कार्डावरचं नाव न पाहता आजोबांची हृदयाची गोळी काढली. मला ओरडता येत नव्हतं, मित्रांनो.

"अहो मावशी, माझी लेक गोळी गिळत नाही हो. तिला पातळ औषध असतं ना?" खिडकीशी उभी असलेली नातीची आई म्हणाली.

मावशींनी कार्डावरचं नाव वाचलं आणि गोळी परत जागेवर ठेवली. "वाचलो गं बाई!"

निरोप मिळताच प्रोग्रामरताई नव्या प्रोग्रामरला घेऊन धावत आल्या. "मला वाटलं, बाण गेला की हा आपोआप थांबत असेल," नवा प्रोग्रामर मान खाली घालून म्हणाला.

"सांगितल्याशिवाय कसा थांबेल बिचारा?" ताईंनी त्याच्याकडूनच ती ओळ परत लिहून घेतली.

मित्रांनो, आम्हाला कामाला लावता, तसं थांबायलाही सांगत जा. मावशींनी लगेच पुन्हा बाण फिरवून पाहिला. आजोबांच्या नावावर मी मोजायला लागलो, बाण सरकताच गप्प झालो, आणि नातीवर टेकल्यावर तिचंच कार्ड उघडलं. मावशींनी पातळ औषधाची बाटली आईच्या हातात दिली. किती हायसं वाटलं म्हणून सांगू!