धुराड्याला जोडलेले राखेचे पिंप

मित्रांनो, मी एक जुने पोलादी पिंप आहे. माझ्यात पाणी कधी भरले नाही. भरली ती कोळशाची राख.

हैदराबादच्या एका सरकारी प्रयोगशाळेत जयवंताबाईंनी मला घडवून घेतले. बॉयलरची राख आणि चुना मळून त्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करत, वाफेवर शिजवत आणि माझ्या पोटात भरत. कोळशाच्या धुरात गंधकाचा विषारी वायू असतो. त्याला या गोळ्या धरून ठेवत. मला कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात धुराड्याला जोडले, आणि तिथे राख ओढणाऱ्या गंगूबाईंचे डोळे चुरचुरायचे थांबले. पाहुणे येऊन माझे फोटो काढून गेले. मी फुशारून गेले.

मग २०१४ साली राज्याचे दोन भाग झाले. प्रयोगशाळेच्या कपाटांवर, खुर्च्यांवरसुद्धा वाटणीच्या चिठ्ठ्या लागल्या. जयवंताबाईंची बदली दुसऱ्या राज्यात झाली. मी कोणाच्या वाट्याचे, हे काही ठरेना. ठरेपर्यंत मला कोणी हात लावू नये, असा हुकूम निघाला.

बॉयलर मात्र थांबला नव्हता. गोळ्या बदलायला कोणी नसल्याने माझ्यातल्या गोळ्या वायूने भरून दगडासारख्या झाल्या. वायू सरळ वर निघून जाऊ लागला. मला तो जाताना कळत होता आणि धरता येत नव्हता. दिवसभर मी नुसते तळमळत असे.

प्रयोगशाळेतले तातेराव दर सोमवारी शहरातल्या नारायणगुड्याहून धुराचे आकडे लिहून न्यायला येत. एकदा गंगूबाईंनी त्यांना थांबवले.

"तातेराव, आठ दिवस झाले, डोळे जळायलेत. तुमचं पिंप काम करतंय का नुसतंच उभं हाय?"

तातेरावांनी त्यांना हुकमाचे सांगितले. त्या पदराने डोळे पुसून पुन्हा राख ओढू लागल्या.  मग तातेरावांनी जयवंताबाईंना फोन लावला.

"उघडा," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

शनिवारपर्यंत तातेरावांनी त्यांना फोनवर विचारून विचारून नव्या गोळ्या शिजवल्या. रविवारी बॉयलर बंद असताना तातेराव आणि गंगूबाईंनी पहारीने माझे पोट मोकळे केले आणि पुन्हा भरले.

हुकूम मोडल्याबद्दल तातेरावांकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी जयवंताबाईंचे नाव घातले नाही. एकच ओळ लिहिली : 'गंगूबाईंचे डोळे जळत होते, म्हणून मी उघडले.'

या गोळ्याही एक दिवस भरतील, म्हणून मी अजून स्वस्थ नाही. मित्रांनो, यंत्र नीट चालले आहे का, हे त्याच्या शेजारी राबणाऱ्या माणसाला विचारा. आणि विचारलेत, तर नुसते उत्तर ऐकून निघून जाऊ नका.