शिडीवाल्या फिल्मची कैफियत

मित्रांनो, पत्र्याच्या गोल डब्यात गुंडाळून ठेवलेली मी एक जुनी विनोदी फिल्म आहे. मला आवाज नाही. घर रंगवायला आलेले दोन बावळट रंगारी आणि त्यांच्यावर वैतागलेली घरमालकीण, एवढीच माझी गोष्ट. लोक मला शिडीवाली फिल्म म्हणतात.

माझे गुण आधी सांगते. चापट कधी बसावी, बादली कधी कलंडावी, हे माझ्यात अगदी नेमकं जमलं आहे. लहान मूल आणि त्याचे आजोबा एकाच जागी हसतात. दोषही आहेत. तोंडावर रंग उडण्याचा विनोद इतक्यांदा येतो की कंटाळा यावा. शिवाय घरमालकीण मध्येच नाहीशी होते. एका जाणकाराने लिहिलं होतं, "दिग्दर्शक नायिकेला विसरलाच!"

कुणी विसरलं नव्हतं.

घरमालकीण शिडीवर चढून रंगाऱ्यांना झापते, असं दृश्य होतं. ते काम करणाऱ्या बाईचा नवरा स्टुडिओतलाच सुतार. पिंपामागे लपून शिडी धरायचं काम त्याच्याकडे होतं.

"अहो, घट्ट धरा. माझं तोंड बघून हसलात ना, तर घरी गेल्यावर बघते," ती म्हणाली.

"चढ गं तू. तुझं तोंड रोजच बघतो मी."

कॅमेरा सुरू झाला. ती भराभर वर गेली आणि तिने असं काही तोंड केलं की सुताराला हसू आवरेना. हसता हसता त्याचे हात सैल पडले. शिडी सरकली. ती पाठीवर आपटली. सगळ्यांना वाटलं, हे तिलाच ऐन वेळी सुचलं. कॅमेरा चालूच राहिला. टाळ्या पडल्या.

"अहो, माझे पाय हलत नाहीत," असं ती म्हणाली, तेव्हा टाळ्या थांबल्या.

ते पडणं माझ्यात तसंच ठेवलं. शेवटच्या दृश्यात स्वयंपाकाच्या बाईंना तिचे कपडे घालून पाठमोरं उभं केलं. पुढे गावोगाव ती पडली की हशा पिकायचा. ती मात्र पुन्हा चालली नाही. सुतार तिला कुशीवर वळवायचा, न्हाऊ घालायचा, तिची वेणी घालायचा.

परवा ती वारली. त्याच सुमारास थिएटरने मला पुन्हा दाखवायचं ठरवलं. सुतार मॅनेजरकडे आला.

"ती पडते तेवढं कापून टाका, साहेब. पुष्कळ हसून झालं तिच्यावर."

"काका, त्यातच तर जीव आहे हिचा," मॅनेजर म्हणाला. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने मला दिव्यासमोर धरलं आणि कात्री पुढे केली. "नुसतं पडणं काढलं तर काकू शिडीवरच लटकून राहतील. चढण्यापासून कापावं लागेल."

सुताराने एकेक चित्र सरकवलं. ती चढत होती. पायऱ्या गाळत, पोरीसारखी.

"म्हणजे हेही जाणार?"

"सगळंच जाणार, काका."

"मग राहू द्या," असं म्हणून त्याने कात्री ठेवली. खेळाला तो थांबला नाही. संध्याकाळी लोक पोट धरून हसले, त्याच जागी.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत. पडद्याकडे बघून खुशाल हसा, मी त्यासाठीच आहे. पण समोर कुणी खरोखर पडलं, तर आधी 'लागलं का' एवढं विचारा. त्या दिवशी तिला ते कुणीच विचारलं नाही. नवऱ्यानेसुद्धा नाही. तो अजून हसत होता.