घरच्या नावांच्या फाइली

मित्रांनो, मी बंगालमधल्या कृष्णनगरच्या कॉलेजसमोरच्या दुकानातला एक जुना संगणक आहे. दुकान चालवणाऱ्या काकीमा गेल्याचं मला एका सोमवारी कळलं. सकाळी माझं बटण दाबणारं बोट त्यांचं नव्हतं. त्यांचे यजमान प्रबोधबाबू सुतकाच्या कोऱ्या वस्त्रात खुर्चीवर बसले होते आणि फोनवर सांगत होते, "मिनती शुक्रवारीच गेली. मुलांच्या फाइली अडकल्यात, म्हणून दुकान उघडलं."

पंधरा वर्षं काकीमांनी माझ्यावर पदवीधर मुलांचे बायोडाटा केले. मुलं मित्राचा कागद आणत आणि म्हणत, "फक्त नाव बदला." काकीमांना ते चालत नसे.

"छंद बागकाम? झाडं किती लावलीस?"

"एक तुळस. पाणी आई घालते."

"मग मुलाखतीला आईलाच पाठव!"

'मेहनती', 'प्रामाणिक' हे शब्दही त्या पुसत. "काय केलंस ते लिही. कसा आहेस ते त्यांना कळेल." सगळं एका पानात बसवत. दुपारी दुकान शांत झालं की ती पानं माझ्यात संथ तरंगत. मला वाटे, ती मुलं आता कुठल्या कुठल्या खिडक्यांशी कामाला बसली असतील.

त्या सोमवारी अकरा वाजता एक मुलगी आली. "काका, सुदेष्णा हालदार नावाने बघा ना. ग्रंथालयातली जागा आहे. आज पाचला मुदत संपते."

प्रबोधबाबूंनी शोधलं. सापडेना. पुन्हा शोधलं. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे? काकीमा प्रत्येक फाइल मुलांच्या घरच्या, लाडाच्या नावाने ठेवत.

प्रबोधबाबूंनी फाइलींची यादी खालपर्यंत वाचली. "ती तुला काय म्हणायची?"

मुलगी लाजली. "पुंटी."

"पुंटी? ती एवढीशी मासळी?"

"लहानपणी फार बारीक होते हो!"

प्रबोधबाबू हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. फाइल उघडली. मोहल्ल्यातल्या क्लबची चारशे पुस्तकं तिने नोंदवली होती, तेही लिहिलेलं होतं. तळाशी ओळख सांगणाऱ्या दोन व्यक्ती होत्या. एक प्राध्यापक. दुसऱ्या मिनती भादुडी.

"ग्रंथालयवाल्यांनी त्या नंबरवर फोन केला तर?" मुलगी हळूच म्हणाली.

प्रबोधबाबूंचं बोट पुसायच्या बटणावर टेकलं. मग त्यांनी ते नाव पुसलं आणि स्वतःचं लिहिलं.

"पण काका, तुम्ही मला कुठे ओळखता?"

"नाही ओळखत. बस इथे. चार वाजेपर्यंत ओळखेन. बोल."

ती बोलत राहिली, ते ऐकत राहिले. साडेचारला पान गेलं.

मित्रांनो, तुमच्या कागदाच्या तळाशी ज्यांची नावं आहेत, त्यांना अधूनमधून भेटून या. माझ्यात आणखी त्रेसष्ट फाइलींच्या शेवटी काकीमांचं नाव आहे. ते बदलायचं अजून राहिलं आहे.