धुतलेली फडकी

सत्ताविसाव्या दिवशीही दोन्ही ससे एकत्र मोकळे सोडता येत नव्हते. मधली जाळी सारली की भुऱ्या मागचे पाय आपटायचा, मग थेट कणीच्या अंगावर जायचा आणि करुणा मध्ये हात घालायची. तिच्या मनगटावर तीन ओरखडे होते. मागावर बसली की कोशाच्या रेशमाचा बारीक धागा त्यांना अडकायचा. ती हात झटकायची आणि पुन्हा धोटा फेकायची.

भुऱ्या सात वर्षांचा. करुणाची मुलगी दामिनी शाळेत असताना तिने तो आणला होता. दामिनी आता नागपुरात नोकरीला होती, ससा आंधळगावातच राहिला, आईच्या मागाशेजारी. त्याची जोडीदारीण दिवाळीनंतर मेली. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला, पुढ्यातला पाला अर्धा तसाच टाकू लागला. तालुक्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, याला सोबत आणा. म्हणून साकोलीजवळच्या यादोरावांकडून कणी आली. पांढरी, लहानखुरी, पाच महिन्यांची.

यादोराव ससे वाढवून हॉटेलांना देत. त्यांनी सरळ सांगितले होते, "महिनाभर पाहा, बाई. जमलं तर तुमची. नाई जमलं तर मी घेऊन जातो. तिसाव्या दिवशी रविवार आहे, माझी गाडी तुमच्याकडून येते." घेऊन गेल्यावर तिचे काय होईल हे त्यांनी सांगितले नाही. करुणानेही विचारले नाही.

दोन पिंजरे म्हणजे दोनदा झाडणे, दोनदा पाणी, दोनदा गवत. भुऱ्याला मोकळे सोडले की कणीला मोरीत कोंडायचे, तासाभराने उलट. करुणाचा नवरा कैलाश खोलीत पाय टाकण्याआधी विचारायचा, "आता बाहेर कोण आहे?" सासूबाई सुंदरबाई खाटेवरून सगळे पाहत.

"तुले सून करून आणलं तवा बी एवढी तयारी नव्हती केली आमी," त्या म्हणाल्या.

"त्याचीच कसर काढून राहिली मी," करुणा म्हणाली.

त्या गुरुवारी दुपारी दामिनीने व्हिडिओ कॉल केला. "आई, फोन खाली धर. फडकी कशी बदलतेस ते दाखव."

डॉक्टरबाईंनी सांगितले होते, भुऱ्याच्या अंगाखालचे फडके रोज कणीला द्या आणि कणीचे भुऱ्याला. करुणाने एकही दिवस चुकवला नव्हता. तिने दोरीवरची दोन्ही फडकी काढली, एक इकडे अंथरले, एक तिकडे.

"ते दोरीवर कायले होतं?" दामिनीने विचारले.

"वाळायले."

"धुतलं तू?"

"मंग? मुताचं फडकं देऊ का त्याले?"

"रोज धुतेस?"

"रोज. रिठ्याच्या पाण्यात. साबणाचा वास नको म्हणून."

"आई, वासासाठीच होतं ते! हिचा वास त्याले लागावा, त्याचा हिले. सव्वीस दिवस रिठा हुंगवून राहिली तू त्याईले."

कैलाश मागावर बसल्या जागी हसला. सुंदरबाई हसल्या नाहीत. "पाहुण्याच्या अंगाखाली मळकं फडकं या घरात कोणी टाकलं नाई. शहरातल्या रीती तुझ्याजवळच ठेव, दामिनी."

ते खरे होते. कोशाच्या कापडावर बोटाएवढा डाग दिसला तरी व्यापारी अख्खी साडी परत पाठवतो. या घरात मागाला हात लावण्याआधी हात धुतात, सुताखाली अंथरायचे फडकेही आधी धुतात. करुणाला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात हेच शिकवले होते. एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात फडके नेताना वाटेत बादली आली आणि हात आपोआप तिकडे वळले. आपण काही वेगळे करतो आहोत असे तिला एकदाही वाटले नव्हते.

तिला राग आला नाही, रडूही नाही. खाली बसावेसे वाटले, एवढेच.

शुक्रवारी तिने नाक दाबून कणीचे फडके जसेच्या तसे भुऱ्याला दिले. त्याने ते दातांत धरून पिंजऱ्याबाहेर ढकलले. तिने पुन्हा ठेवले. त्याने पुन्हा ढकलले. शनिवारी सकाळी तो त्या फडक्यावर एक पाय ठेवून झोपलेला दिसला.

रविवारी दोघांना शेजारच्या रुखमाबाईंच्या रिकाम्या खोलीत नेले. तिथे दोघांपैकी कोणीच आधी गेले नव्हते, म्हणजे जागेवर हक्क कोणाचाच नव्हता. करुणा हाताला जुने पोते गुंडाळून कोपऱ्यात बसली, कैलाश दारात.

भुऱ्याने पाय आपटला. मग धावला. कणी खोलीभर दोन फेऱ्या पळाली, तिच्या पाठीचे केस भुऱ्याच्या तोंडात आले. करुणाने पोत्याचा हात पुढे केला तोवर तो थांबला होता. कणी कान पाठीला चिकटवून जमिनीला लागली. भुऱ्या तिच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि आपलाच पंजा चाटू लागला.

"हे जमलं म्हणायचं का?" कैलाशने विचारले.

"मले नाई वाटत."

फोन वाजला. यादोराव होते. "बाई, मोहाडीले पोचलो. घेऊन जाऊ का मंग?"

करुणाने जमिनीवरचे पांढरे केस उचलले. आणखी किमान महिनाभर दोन पिंजरे, दोनदा झाडणे, हातावर ओरखडे. तोवर भुऱ्या जगेल की नाही, हेही ठाऊक नव्हते.

"नका येऊ."

"जमलं म्हणा!"

"नाई जमलं. तरी नका येऊ."

"अवो, महिना भरला नं आपला."

"भरला. पण त्यातले सव्वीस दिवस आमच्या हातानं वाया गेले. ते तिच्या जिवावर कायले काढायचे?"

"तुमची मर्जी, बाई," यादोराव म्हणाले आणि फोन ठेवला.

करुणा भिंतीला हात टेकून उठली. गुडघा वाजला. तिने कणीला काखेत घेतले, कैलाशने भुऱ्याला उचलले.

"पुढच्या दारानं जा तुमी," ती म्हणाली. "आमी मागच्या दारानं येतो."