लाल जाकिटातली

टाळ्या थांबेचनात. बंब बाहेर उभा करून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बाकं मांडली होती आणि निम्मं गाव त्या बाकांवर बसून "तिलेन! तिलेन!" करत पाय आपटत होतं. पडद्यावर पाद्र्याची घळ होती, डोंगराला उभी चिरत गेलेली. लाल जाकीट घातलेली एक आकृती स्कीवर वळणं घेत तिच्यातून खाली येत होती. खालच्या कोपऱ्यात नाव होतं: तिलेन.

येर्त्सा मागच्या भिंतीला टेकून उभी होती, खांद्यावर आठ महिन्यांचा लेनार्त. तिनं ते नाव पुन्हा वाचलं.

"ती मी आहे," ती म्हणाली. पण इतकं हळू, की फक्त लेनार्तनं मान वळवली.

पडद्यावरची आकृती तळाशी येऊन थांबली. हात उंचावले नाहीत, आरोळी ठोकली नाही. हातमोजा मागे सारून घड्याळ पाहिलं आणि तशीच सुसाट निघून गेली.

"कोण वाट बघत होती रे खाली?" कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला. पहिल्या बाकावरचा तिलेन उठला, वळला आणि कमरेत वाकून त्यानं गावाला नमस्कार केला.

येर्त्सानं लेनार्तला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

कॉलेजपासून चौघं दर हिवाळ्यात एक फिल्म करत. ती, तिलेन, ब्रीना आणि गोराज्द. कॅमेरा कुणाचा तरी मागून आणलेला, सूप कुणाच्या तरी आईनं केलेलं. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत. मार्च संपता संपता गावाला दाखवायची, नासपतीची दारू प्यायची, की पुढच्या वर्षीचं बोलणं सुरू. यंदा मात्र तिला न विचारताच ठरलं होतं, की येर्त्सा समोरच्या उतारावर उभी राहून चित्रण करणार. "आता तू आई आहेस ना," असं म्हणून विषय संपला होता.

ती ज्या औषधांच्या दुकानात काम करते, त्याच्या खिडकीतून पाद्र्याची घळ दिसते. गोळ्यांची पाकिटं लावताना ती कितीतरी वर्षं मनातल्या मनात ती घळ उतरत आली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ब्रीना म्हणाली, "आज बर्फ ताजा आहे, उद्या ऊन पडलं की गेला. कॅमेरा मी धरते. तू जा." दूध पाजणाऱ्या छातीवर येर्त्साच्या स्वतःच्या जाकिटाची चेन लागेना. गुडघा मुरगळल्यामुळे तिलेन गाडीतच बसून होता. त्यानंच आपलं जाकीट काढून दिलं.

ती घाबरली नव्हती असं नाही. काठीनं बर्फ दाबून पाहिला, खणून पाहिला, पुन्हा दाबला. लेनार्तला सांभाळणाऱ्या सासूला फोन केला. पुन्हा केला. प्रत्येक वळणावर लेनार्त आठवला. आणि तरी ती उतरली. ताज्या बर्फावरची पहिली रेघ एकदाच काढता येते, आणि ती तिनं काढली होती.

पहिला खेळ संपल्यावर तिनं तिलेनला बाहेर बंबापाशी गाठलं.

"वाकून नमस्कार कसला करत होतास?"

"अगं, मी सांगणारच होतो. पण लोक टाळ्या वाजवायला लागले. मग काय, उभं राहून भाषण ठोकू?"

"हो. ठोकायचं."

"डोकं शांत ठेव ना जरा. उलट तुझं बरंच झालं. तान्हं पोर घरी टाकून ही बया घळीत उड्या मारते, असं गावानं म्हटलं असतं. मी वाचवलं तुला."

"माझ्यावरच उपकार?"

गोराज्द हातात पोतित्सा या अक्रोडाच्या गोड पावाचा तुकडा घेऊन आला. फिल्मचे तुकडे जोडून त्यावर नावं टाकायचं काम त्याचं. चित्रणाच्या दिवशी तो डोंगरावर नव्हता आणि ब्रीना तर आता ऑस्ट्रियात नोकरीला होती. सगळं ऐकून त्याचं तोंड उतरलं.

"लाल जाकीट म्हणजे तिलेन, एवढंच मला माहीत. आपण जाकिटावरूनच ओळखतो की गं एकमेकांना. उद्या बदलतो नाव."

"दुसरा खेळ आत्ता आहे."

"आत्ता कसं जमेल? पुन्हा सगळं तयार करायला वेळ लागतो. आणि आपण मजेसाठीच करतो ना हे? कुठं बक्षीस घ्यायचंय!"

"मजेसाठीच उतरले होते मी," येर्त्सा म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "पैसे नाहीत, बक्षीस नाही. होतं काय, तर ती एक रेघ. तीसुद्धा तुम्ही याला देऊन टाकलीत."

तिलेननं बुटाच्या टोकानं बर्फ उकरला. "तू फारच मनाला लावून घेतेस," तो पुटपुटला.

हॉलमधले दिवे पुन्हा मालवले. पहिल्या खेपेला जागा न मिळालेली मंडळी आता बाकांवर होती. काही जण पुन्हा पाहायला थांबले होते. सासू पावला कडेच्या खुर्चीवर लोकरीचं काही विणत बसली होती. येर्त्सा लेनार्तला घेऊन भिंतीपाशी उभी राहिली. एकेक डोंगर सरला, आणि मग पाद्र्याची घळ आली.

ती भिंत सोडून चालू लागली. मधल्या वाटेनं सरळ पुढे गेली आणि पडद्यासमोर, खालच्या कोपऱ्यापाशी उभी राहिली. प्रकाशाच्या झोतानं तिचे डोळे दिपले. पांढऱ्याशुभ्र उतारावर बाईची आणि खांद्यावरच्या पोराची सावली पडली. कोपऱ्यातलं तिलेनचं नाव त्या सावलीत झाकलं गेलं.

"ए, बाजूला हो!"

"येर्त्सा, अगं दिसत नाही!"

"तिलेन, सांग की हिला!"

तिलेन पहिल्या बाकावर बसून आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

ती हलली नाही. लाल ठिपका वरून निघाला आणि वळणं घेत घेत त्या सावलीच्या कडेकडेनं खाली आला. थांबला. घड्याळ पाहिलं.

या वेळी हसायला कुणी तोंड उघडायच्या आत कडेच्या खुर्चीवरून पावलाचा आवाज आला. हातातलं विणकाम तिनं थांबवलं नव्हतं.

"दुधाची वेळ झाली होती त्याची."

सगळ्या माना पडद्यावरून येर्त्साकडे वळल्या. येर्त्सानं लेनार्तची टोपी कानांवर नीट ओढली आणि पडद्यावरचा डोंगर बदलेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.