टेकडीपलीकडची एसटी

"सर, पोरींच्या शर्यतीत जी सगळ्यायच्या मागं राह्यते, तिलेच बक्षीस काऊन भेटते?"

रंभाने दहावीच्या वर्गात उभं राहून विचारलं. मागच्या बाकावर शालू आणि भागीरथा ओढणीत तोंड खुपसून बसल्या. डबा खाताना त्यांनीच पैज लावली होती, की सरांना हे विचारून दाखव, तुझ्यात दम असेल तर. रंभात दम होता. या वर्षी तिची उंची वाढली होती आणि आवाजही. गणिताच्या तिमाहीत ती पोरांच्याही पुढे गेली होती. तेव्हापासून तिला वाटायचं, की तोंड उघडलं की आपोआप खरंच बाहेर पडतं.

सदाशिव सर खेळाचे. स्नेहसंमेलनात पोरांची शर्यत त्यांनीच सुरू केलेली. शाळेपासून जंगलातल्या पायवाटेने टेकडी चढायची आणि पलीकडे उतरून केळझरच्या सडकेवर एसटीच्या थांब्याला पोहोचायचं. पोरींसाठी मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या असत. त्या रेघांमधून सायकल जमेल तितकी हळू न्यायची, पाय टेकला की बाद. जी सगळ्यात उशिरा पोहोचेल तिचा पहिला नंबर. रंभा दोन वर्षं सगळ्यात उशिरा पोहोचली होती आणि घरी स्टीलचे दोन डबे आले होते. माय एकात मीठ ठेवायची, एकात हळद.

सर हसले. म्हणाले, त्यात तोल लागतो, तोल हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पोरं खिदळली. पैज इथे संपली होती, रंभाने खाली बसायला हरकत नव्हती. पण ती बसली नाही.

"मंग मी पोट्ट्यायच्या शर्यतीत येऊ का?"

हे मात्र कोणी विचारायला सांगितलं नव्हतं.

सरांनी खडू टेबलावर ठेवला. भर वर्गात नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. घरी विचार, ते म्हणाले, घरचे हो म्हणाले तर माझं काही नाही. घरचे काय म्हणतील याची त्यांना खात्री होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

घरचं तसं रंभाच्या बाबतीत सगळं आधीच ठरलेलं होतं. दहावीपर्यंत शिकायचं. अकरावी सेलूला. गावाला एसटी नाही आणि गाडीरस्ता टेकडीला वळसा घालून जातो. तिचे बाबा, महादेवराव, कोणी विचारलं की एकच सांगायचे, एसटी सुरू झाली की पाहू. रंभा पाचवीत असल्यापासून एसटी सुरू होणार होती. रस्ता मोजणारे लोक एकदा येऊन सरपंचाच्या घरी चहा पिऊन गेले होते. पुढे काही झालं नाही.

महादेवराव संध्याकाळी वाडीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते, दुसऱ्या दिवशी बाजार होता. रंभा त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि जुड्या बांधू लागली. चार-दोन जुड्या झाल्यावर म्हणाली,

"बाबा, शाळेत सायकलची शर्यत हाय. नाव देऊ का?"

"दे न. दरसालीच देतं."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीची शर्यत म्हणजे मैदानातली, हळू चालवायची. दुसरी असू शकते हे बाबांच्या मनात आलंच नव्हतं. आपण खोटं काही बोललो नाही, असं तिने स्वतःला बजावलं. मग उरलेल्या जुड्या इतक्या घट्ट आवळल्या, की बाबा म्हणाले, सांभार आहे तो, त्याचा जीव घेशील.

सायकल बाबांचीच. काळी, दांडीची, मागे भारे बांधायचं रुंद कॅरियर. पोरांच्या सायकलींपेक्षा दुप्पट जड. दर रविवारी दुपारी बाबा जेवून कलंडले, की ती सायकल हाताने ढकलत वेशीपर्यंत न्यायची, म्हणजे साखळीचा आवाज नको. शालू टेकडीच्या पायथ्याशी बोरं खात पहारा करायची. पहिल्या रविवारी रंभा अर्ध्यातच उतरली. दुसऱ्या रविवारी सागाच्या वाळल्या पानांवरून चाक सरकलं आणि ती पळसाच्या झुडपात जाऊन पडली. कोपर सोललं. घरी सांगितलं, विहिरीवर घसरली. तिसऱ्या खेपेला तिला वाट कळू लागली. मुरूम कुठे बसलाय आणि कुठे नुसता वर पसरलाय, कुठे धावड्याचं मूळ आडवं आलंय, कुठे ब्रेक लावायचा आणि कुठे चुकूनही लावायचा नाही. शेवटच्या रविवारी माथ्यावर उभी राहून ती जोरात ओरडली. पलीकडच्या उतारावरून तिचाच आवाज परत आला आणि तिला हसू फुटलं.

शर्यतीच्या दिवशी तिने सलवारीचे दोन्ही पाय घोट्याजवळ सुतळीने बांधले. बाबा भल्या पहाटे बैलबंडीने बाजाराला गेले होते. माय अंगणात दिसली नाही, पण तिला ते बरंच वाटलं. मैदानात सरांनी तिच्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं.

"घरी विचारलं?"

"विचारलं. दे म्हणले."

पोरांमध्ये बबन सगळ्यांत जोरात होता, सरपंचाचा पोरगा, नव्या कोऱ्या सायकलवाला. तो म्हणाला, बाई, वर गेल्यावर दम लागला तर आमची वाट पाहत बसू नको, तुला न्यायला तिथे एसटी येणार नाही. रंभा म्हणाली, एसटी तुझ्या बापालेही आणता आली नाई. पोरं हसली, बबन नाही हसला. तेवढ्यात शिटी वाजली.

चढावर ती मागेच पडली. जड सायकल, तिला इलाज नव्हता. धूळ खात, दात आवळत ती पायडलवर उभी राहिली. माथ्यावर पोहोचली तेव्हा पुढची पोरं उतारावर ओरडत चालली होती. एक जण वळणावर सायकलीखाली पडून साखळी बसवत होता. ती त्याच्या बाजूने गेली. त्याच्या पुढे एक जण ब्रेक घट्ट आवळून, घाबरून, पाय घासत उतरत होता. त्यालाही तिने मागे टाकलं. वारा कानात शिरला. तोल सांभाळायला तिला विचार करावा लागत नव्हता.

आणि नाल्याच्या कडेला वाट अरुंद झाली तिथे समोरून बाया आल्या.

इंधनाला गेलेल्या गावातल्याच बाया, एकामागे एक, डोक्यावर मोळ्या. पोरं नुकतीच त्यांच्यामधून गेली असावीत. एकीची मोळी खाली पडून सुटली होती आणि ती वाकून काड्या गोळा करत पोट्ट्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. दुसरी नाल्याकडे कलून मोळी सावरत होती. रंभाने ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थरथरत उभी राहिली. एक चाक इकडे, एक तिकडे, तरी तिने पाय टेकला नाही. असं ती मैदानात कित्येकदा उभी राहिली होती. आता टेकडीच्या अंगावर, एका बाजूला नाला, तशीच उभी राहिली.

बाया पाहत राहिल्या. त्यांच्यात तिसरी तिची माय होती.

आनंदाबाईंच्या डोक्यावरची मोळी सगळ्यांत मोठी होती. त्यांनी आधी सायकल ओळखली, मग पोरीला. रंभाने ब्रेक सोडला नाही. आता माय खाली उतर म्हणेल, आणि म्हटलं तर उतरावं लागेल. पुढच्या बाईने तोंडावर हात नेला, म्हणाली, "अवं, हे त..." आणि आनंदाबाईंकडे वळून पाहिलं.

आनंदाबाईंनी एक पाऊल मागे घेऊन पाठ खडकाला टेकली. मोळी जराही हलली नाही.

"सरका व बाया," त्या म्हणाल्या. "पोरीले जाऊ द्या."

रंभा गेली. मायच्या इतक्या जवळून, की मोळीतल्या एका काडीने तिची वेणी ओढली.

थांब्यावर ती तिसरी पोहोचली. बबन पहिला आला होता. तो घाम पुसत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. वळशाच्या रस्त्याने मोटारसायकलवर आधीच येऊन थांबलेल्या सरांनी तिच्या सायकलीचा ब्रेक दाबून पाहिला, सोडला, आणि नुसतं म्हणाले, "तिसरी." तेवढ्यात सेलूची एसटी आली. दारातून दोन-तीन कॉलेजच्या पोरी चढल्या, छातीशी वह्या, एकीच्या तोंडात चिंच. कंडक्टरने घंटी ओढली आणि गाडी निघून गेली. रंभा धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिली. पाच वर्षं सगळं गाव जिची वाट पाहत होतं ती एसटी इथे रोज येत होती. मध्ये एक टेकडी होती, बस.

परत कसं जायचं याचा तिच्याबाबतीत कोणी विचारच केला नव्हता. पोरं घोळक्याने गेली. ती एकटी, सावकाश, टेकडीवरून परत आली.

दिवेलागणीला महादेवराव बाजारातून आले. हातपाय धुऊन चुलीजवळ बसले. आनंदाबाई भाकरी थापत होत्या. दुपारपासून मायलेकी एका घरात होत्या, पण शर्यतीबद्दल दोघींनी अवाक्षर काढलं नव्हतं. मायने फक्त तिच्या कोपरावरच्या जुन्या खपलीला हळद लावली होती. विहिरीवर खरंच घसरली होती का, हेही विचारलं नव्हतं.

"यंदा काय भेटलं व?" बाबांनी विचारलं. "अजून एक डबा?"

"काई नाई. तिसरी आली."

"मागून?"

"समोरून. पोट्ट्यायच्या शर्यतीत. टेकडीवरून केळझरले गेली होती."

महादेवरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तुले माईत होतं?"

"वाटंत भेटली," आनंदाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

"मंग थांबवली काऊन नाई?"

"डोक्यावर मोळी होती. हात रिकामा कुठी होता?"

महादेवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग समजावणीच्या आवाजात म्हणाले, की पाहा पोरी, झालं ते झालं, जंगलाची वाट पोरीबाळीची नसते. चुलीत एक ओली काडी धूर करत होती. आनंदाबाईंनी ती बाहेर ओढली, आपटून विझवली, दुसरी घातली. पदर डोक्यावरून खाली आला होता. चुंबळीखाली दबून दबून मधले केस विरळ झाले होते, तिथली कातडी उजेडात चमकत होती. रंभा तिकडेच पाहत होती. बाबा म्हणत होते, सेलूचं मी नाही कुठे म्हटलं, एसटी सुरू झाली की पाहूच.

रंभा उभी राहिली. वर्गात उभी राहिली होती तशीच, पण इथे मागच्या बाकावर कोणी नव्हतं.

"एसटी येऊन नाई राह्यली, बाबा," ती म्हणाली. "मीच तिच्याकडं जाईन. उन्हाळा सरला का सेलूले अकरावीत नाव घालतो, अन् रोज टेकडीवरूनच जातो. तुमाले वावरात जाले सायकल लागली, त त्या दिवशी पायी जाईन. पण जाईन."